खोडरबराला मज्जाव

मल्लेश्वरमच्या बाजारात त्या काळी शेंगदाण्याची पुडी सोडली की आतून इंग्रजी व्यापारी पत्र निघायचं. ‘महोदय, आपले पत्र पोचले’ इथपर्यंत सगळं ठीक. मग एखादं अक्षर चुकलेलं आणि त्यापुढे पान कोरं. ही रद्दी आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून जायची. एवढी कोरी रद्दी दुसरीकडे कुठेच मिळत नसे, कारण चूक झाली की बोटं जागच्या जागी थांबवायची, कागद यंत्रातून काढायचा, उभा फाडायचा आणि तारेला लावायचा, असा अण्णांचा नियम होता. खोडरबराला इन्स्टिट्यूटच्या उंबऱ्याच्या आत मज्जाव होता, तशी पाटीच भिंतीवर होती.

अण्णा म्हणजे इन्स्टिट्यूटचे मालक. शिकवणारे तेच, यंत्रं दुरुस्त करणारेही तेच. बंद गळ्याचा कोट, धोतर आणि काळी छत्री. त्यांचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्यांचं होतं की मूळ गाव विचारलं तर ते ‘चिकपेट’ म्हणून सांगत. घरी मराठीच बोलत, पण त्यांची त्यांची. मधे मधे ‘सरी’ म्हणजे बरं, ‘स्वल्प’ म्हणजे जरा, असे कन्नड शब्द पेरलेली. मी निपाणीची. भावाला येलहंक्याला नोकरी लागली म्हणून त्याच्याकडे राहायला आले होते. शिकायची फी परवडत नव्हती, तेव्हा अण्णांनी तोड काढली: सकाळच्या नवशिक्या मुलींना मी बोटांचे धडे द्यायचे आणि दुपारी स्वतः वरच्या परीक्षेची तयारी करायची. ती परीक्षा झाली तर भावाच्या ओळखीच्या एका कचेरीत जागा होती. नाही झाली तर निपाणीला परत, हे घरी ठरलेलं होतं.

मला लहानपणापासून कामांची यादी केल्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्याच आठवड्यात माझी यादी अण्णांच्या हाती लागली. त्यांनी ती चष्मा कपाळावर चढवून पाहिली.

“हे काय? खोडलीस?”

“झालेली कामं खोडली, अण्णा.”

“झालेलं काम खोडत नसतात गं. झालं ते झालं. त्याच्यापुढं ‘झालं’ म्हणून लिहायचं.”

तेव्हापासून मी तसंच लिहिते. कचेरीतली माणसं हसतात, पण मागच्या महिन्यात काय केलं ते मला वाचता येतं आणि त्यांना येत नाही.

यंत्रांना ते गावाच्या नावाने हाक मारत. मद्रासहून आणलेली ती मद्रासची, पुण्याहून आलेली ती पुण्याची. “मद्रासचीला तेल दे, कुरकुर करायलीय.” “पुण्याची आज नीट वागतीय की.” नव्याने शिकायला आलेल्या एका मुलीला त्यांच्या दोन सुना आहेत असं बरेच दिवस वाटत होतं. बँकेच्या कर्जातून घेतलेल्या दोन यंत्रांना मात्र गाव नव्हतं. त्या ‘जुळ्या’. कर्ज फिटेपर्यंत त्यांच्यावर परीक्षेच्या मुलींशिवाय कुणाला बसू देत नसत.

आणखी एक सवय. शॉर्टहँडचा मजकूर सांगताना विरामचिन्हंही उच्चारावी लागतात. ती सवय त्यांच्या घरच्या बोलण्यातही उतरली होती. वाद वाढला, किंवा त्यांच्या दृष्टीने संपला, की ते शांतपणे म्हणत, “न्यू पॅरा.” त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. त्यांच्या पत्नीला आम्ही अक्का म्हणायचो. त्या कॉफीचे पेले घेऊन मागच्या दाराने येत आणि एकदा तरी तोंडसुख घेऊन जात.

“ह्यांच्या घरात एक खोडरबर नाही. पोरांनी गणितं कशी केली ते मलाच ठाऊक. एक बेरीज चुकली तर अख्खी वही तंबाला.”

तंब म्हणजे घरामागचा पाणी तापवायचा बंब. त्यांच्याकडे त्याला तसंच म्हणत.

“मग आज हिशोबात कुणी कच्चं आहे काय, सांग,” अण्णा म्हणत.

“हिशोबात नाहीत. कागद बघितला की घाबरतात.”

“न्यू पॅरा.”

मी एकदा विचारलं होतं की रबराने एवढं काय बिघडतं. परीक्षेतसुद्धा चालतं. त्यावर त्यांनी एक टाइप केलेला कागद खिडकीकडे धरला. बाहेरून कुठून तरी आलेलं पत्र होतं. एका ओळीत उजेड जास्त येत होता.

“दिसतंय? खोडलं की चूक जात नाही. कागद पातळ होतो. चूक केलेल्यानं चूक केली म्हणून कबूल करायचं आणि दुसरा कागद घ्यायचा. एवढंच आहे की.”

एवढंच होतं, पण त्यापायी सबंध इन्स्टिट्यूट बुडायची वेळ आली होती, ती हकीकत सांगते.

जुळ्यांचं कर्ज अण्णांनी मुदतीच्या आधी फेडलं. चिकपेटेत, कापडवाल्यांच्या गर्दीत एक लहान खाजगी बँक होती, तिथे त्यांचं खातं होतं. कर्ज फिटल्याची सहीशिक्क्याची पावती बँकेने दिली. अण्णांनी अक्कांना शिरा करायला सांगितलं आणि जुळ्या त्या दिवसापासून नवशिक्यांनाही खुल्या झाल्या. पण बँकेत कर्जाचं पान कुणी बंद केलं नसावं. फिटलेल्या कर्जावर व्याज चढत राहिलं. ते व्याज कुणी भरलं नाही म्हणून दंड. मग व्याज आणि दंड दोन्ही त्यांनी अण्णांच्या चालू खात्यातून परस्पर वळते करून घेतले आणि वळते केल्याबद्दल किरकोळ आकार लावला.

रकमा मोठ्या नव्हत्या. पण खात्यात तेव्हा नेमके परीक्षेच्या फीपुरते पैसे होते. जुन्या, मान्यता असलेल्या इन्स्टिट्यूटना परीक्षा मंडळाकडे सगळ्या मुलींची फी एका चेकने भरायची सवलत होती. अण्णांना तिचा फार अभिमान. बाकीचे मालक रोकड घेऊन रांगेत उभे राहत, अण्णा एक पाकीट देऊन परत येत. त्या वर्षी चेक वटला नाही. बँकेने तो परत पाठवला आणि परत पाठवल्याचा म्हणून आणखी एक आकार खात्यातून कापला. तो आकार इतका लहान होता की त्यात दोघांची कॉफी झाली नसती.

मंडळाचं पत्र आलं. वाचून अण्णा खुर्चीत बसले. मी त्यांना वर्गाच्या वेळात बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. पत्रात लिहिलं होतं की चेक परत आल्यामुळे इन्स्टिट्यूटची मान्यता स्थगित केली आहे. चूक इन्स्टिट्यूटची नव्हती असा पुरावा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत आणला तर विचार होईल. तोवर इथल्या एकाही उमेदवाराचा फॉर्म घेतला जाणार नाही.

मी म्हटलं, “रोख भरून येऊ या. आजच जाते.”

“रोख घेणार नाहीत. पैशाचं राहिलेलं नाही आता. खोटा चेक दिला असं झालंय.”

“मग बँकेकडून लिहून घ्या.”

बँकेने लिहून दिलं नाही. अण्णा पावती घेऊन गेले, तीन प्रतींत टाइप केलेलं पत्र देऊन आले, पुन्हा गेले. काउंटरवरचा माणूस वरच्याकडे बोट दाखवी, वरचा माणूस मुख्य कचेरीकडे. शेवटी अण्णांनी स्मॉल कॉज कोर्टात, म्हणजे लहान रकमांचे दावे चालतात त्या कोर्टात, दावा लावला. मागणी अशी: कापलेलं व्याज, दंड, किरकोळ आकार आणि चेक परतीचा आकार परत मिळावा. वकील दिला नाही. दाव्याचा अर्ज पुण्याचीवर स्वतः टाइप केला. कोर्टाच्या कारकुनाने विचारलं, “वकील कोण?” अण्णा म्हणाले, “वकील नाही. टाइपरायटर आहे.” कारकुनाने अर्ज उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, “सार, असा अर्ज मी अजून बघितलेला नाही. कुठं एक डाग नाही.”

दिवसभर यंत्रांचा खडखडाट असायचा त्या खोलीत आता रस्त्यावरच्या फेरीवाल्याचं ओरडणं ऐकू यायला लागलं. अण्णांनी सगळ्या मुलींना एकत्र बसवून सांगितलं होतं, “दुसऱ्या इन्स्टिट्यूटमधून बसायचं असेल तर जा. मी दाखला देतो, मनात काही ठेवणार नाही.” बऱ्याच गेल्या. मी राहिले, त्यात मोठेपणा काही नव्हता. दुसरीकडे पूर्ण वर्षाची फी आगाऊ मागत होते. माझ्यासारख्या आणखी काही होत्या. आम्ही रोज येऊन परीक्षेची तयारी करायचो, जी परीक्षा देता येणार की नाही ते ठाऊक नव्हतं. भाऊ रोज रात्री जेवताना विचारायचा, “काय ठरलं?” मी म्हणायचे, “तारीख पडली.”

एक दिवस दुपारी बँकेचे मॅनेजर स्वतः इन्स्टिट्यूटमध्ये आले. घामाघूम झालेले, सौम्य गृहस्थ. कन्नडमध्ये बोलले; मी शेजारीच बसले होते म्हणून सगळं ऐकलं.

“सार, स्वल्प ऐका माझं. व्याज परत देतो, दंड देतो, किरकोळ आकार देतो. तुमच्या खात्यात उद्या जमा. शिवाय नव्या यंत्रांसाठी कर्ज हवं असेल तर मी बघतो, व्याज कमी लावतो. दावा तेवढा काढून घ्या.”

“आणि चेक?” अण्णांनी विचारलं.

“चेकचं आता काय? तो गेला परत.”

“तो तुमच्या चुकीनं परत गेला, असं लिहून द्या. बाकी एक पैसा नको.”

मॅनेजरनी कोटाच्या बाहीने कपाळ पुसलं. “पैसे मागा सार. लिहून मागू नका. लिहून दिलं तर मुख्य कचेरी विचारेल, चूक कोणाची. मला दोन मुली आहेत.”

“माझ्याकडं बघा किती आहेत,” अण्णा म्हणाले आणि वर्गाकडे हात केला. आम्ही भराभर खाली बघून टाइप करायला लागलो.

“खात्यात गुपचूप जमा करायचं म्हणता तुम्ही. पानावर बेरीज बरोबर येणार, कुणाला काही दिसणार नाही. म्हणजे खोडायचंच झालं की ते.”

मॅनेजरना काही कळलं नाही. अक्कांनी त्यांना कॉफी दिली, ती त्यांनी उभ्या उभ्या घेतली. ते गेल्यावर अक्कांचा आवाज चढला.

“घरी चालून आलेला माणूस परत पाठवलात. कर्ज देतो म्हणत होता! उद्या कोर्टानं नाही म्हटलं तर ही यंत्रं काय डोक्यावर घेऊन बसायची?”

“कर्ज पुन्हा घेऊ, पुन्हा फेडू, पुन्हा हेच. आणि ह्या पोरींनी काय करायचं?”

“मग पोरींनाच विचारा की! काय गं, तू सांग. तू तरी शहाणी आहेस.”

मी यादी करणारी बाई. मला जे दिसत होतं ते मी सांगितलं. मॅनेजरचे पैसे घेतले तर पैसे मिळतील, फॉर्म भरता येणार नाहीत. कोर्टात हरलो तर दोन्ही जाईल. जिंकलो पण उशीर झाला तरी फॉर्म जातील. वेळेत जिंकलो तरच वाचतो. “कोर्टाच्या तीनातल्या दोन वाटांनी आम्ही बुडतो,” मी म्हटलं, “आणि मॅनेजरच्या वाटेने तर नक्कीच.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “न्यू पॅरा,” ते म्हणाले, पण नेहमीसारखं ठामपणे नाही.

निकालाच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कोर्टात गेले. लहान दाव्यांचं कोर्ट म्हणजे कॉफी क्लबच्या गल्ल्यावरची गर्दी. घरभाडं, उधारी, शिलाईच्या यंत्राचे हप्ते. एक उठला की दुसरा. न्यायाधीश वयस्कर होते, वर न बघता लिहीत होते. तिथल्या निकालाची पद्धत मला तोवर कळली होती. मोठ्या कोर्टासारखी पानंच्या पानं कारणं नसतात. वादाचा मुद्दा लिहितात आणि समोर उत्तर, होय किंवा नाही. संपलं. मला ती पद्धत आवडली होती.

बँकेचे वकील तरुण आणि हसतमुख होते. उठून म्हणाले, “कज्जा लांबवायची आमची इच्छा नाही. व्याज, दंड, किरकोळ आकार, सगळं परत द्यायला बँक तयार आहे. फक्त चेक परतीचा आकार वादींनी सोडावा. तो नियमाप्रमाणेच आहे. त्या क्षणी खात्यात पैसे कमी होते हे खरंच आहे. एवढ्याशा आकारासाठी कोर्टाचा वेळ जाऊ नये.”

न्यायाधीश अण्णांना म्हणाले, “चांगला प्रस्ताव आहे. सगळं मिळतंय तुम्हाला. तेवढा आकार सोडून द्या आणि घरी जा.”

अण्णा उभे राहिले. छत्री बाकाला टेकवली, ती घसरून पडली, त्यांनी उचलली नाही.

“साहेब, बाकीचं सगळं मी सोडतो. व्याज नको, दंड नको. तेवढा आकारच द्या.”

मागच्या बाकावर कुणी तरी हसलं. न्यायाधीशांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

“का?”

“व्याज माझं गेलंय, साहेब. ते मी सोसेन. चेक परत गेला तो माझ्या चुकीनं असं ठरलं तर ह्या पोरींची परीक्षा जाते.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मला कुठे बघावं कळेना. “तो आकार घ्यायचा बँकेला हक्क होता की नव्हता, एवढं आपण ठरवा. तेवढ्यासाठीच मी इथं आलोय.”

न्यायाधीशांनी कर्ज फिटल्याची पावती मागितली, खात्याचा उतारा मागितला, दोन्ही शेजारी ठेवले आणि बँकेच्या वकिलांना विचारलं, “हे व्याज कापलं नसतं तर चेक वटला असता?”

“वटला असता, पण—”

“बसा.”

निकाल त्यांनी तिथेच लिहिला. दावा सबंध मंजूर, खर्चासह. एक मुद्दा चेकचा: चेक परत गेला तो वादीच्या चुकीने काय? उत्तर: नाही.

आता नक्कल हवी होती. कोर्टाची सहीशिक्क्याची नक्कल मंडळाकडे द्यायची, एवढंच उरलं होतं. नकलेसाठी अर्ज केला, तिकिटं लावली, वाट पाहिली. नकला टाइप करणाऱ्यांच्या खोलीत कागदांचे ढीग होते आणि माणसं मोजकीच. नक्कल हातात पडली ती फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपार उलटल्यावर. मी आमचे फॉर्म आणि रोख फी कापडी पिशवीत घेऊन तयारच होते.

अण्णांनी कागद सवयीने खिडकीकडे धरला आणि तसेच उभे राहिले.

“काय झालं?”

त्यांनी कागद माझ्याकडे दिला. सगळं ठीक होतं, एक शब्द सोडून. चेकच्या मुद्द्यासमोरचं ‘नाही’. तिथला कागद खरवडलेला होता, पातळ झालेला होता, आणि ‘नाही’ त्याच्यावर पुन्हा ठोकलेलं होतं. खाली पहिल्या शब्दाची पुसट खूण राहिली होती. टायपिस्टने आधी ‘होय’ टाइप केलं होतं. दुरुस्ती कोर्टाचीच आहे म्हणून खोडलेल्या जागेशेजारी लागतात ती कुणाची आद्याक्षरंही नव्हती.

“दुसरी नक्कल मागतो,” अण्णा म्हणाले.

“ती उद्या मिळेल. परवा मिळेल. मंडळ आज संध्याकाळी बंद होतंय.”

“हा कागद देता येत नाही गं. मी टायपिंगचा मास्तर. ज्या एका शब्दावर सगळं आहे तोच शब्द खोडून दुसरा टाइप केलेला. कोण म्हणेल कोर्टानं खोडला? म्हणतील मास्तरनं घरी बसून केलं.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. असं काम करायला बंगळुरात त्यांच्यापेक्षा लायक माणूस सापडला नसता. मी तरी म्हटलं, “न देता घरी गेलो तर नक्की बुडतो, अण्णा. देऊन बघू. माझ्या यादीत आज एवढं एकच काम आहे.”

ते जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, बसले, कागद दोन्ही हातांत सपाट धरून. वाटेत एकदाच बोलले. “रिबन जुनी होती,” म्हणाले.

मंडळाचे सुपरिंटेंडेंट जरतारी काठाची पगडी घालणारे, कडक म्हणून प्रसिद्ध. परीक्षेच्या दिवशी तेच हॉलमध्ये फिरत. त्यांनी नक्कल वाचली. बोट त्या शब्दावर थांबलं. मग त्यांनीही कागद उजेडात धरला.

“हे खोडलेलं आहे.”

“होय,” अण्णा म्हणाले.

“कोणी खोडलं?”

“मला मिळाला तो असाच मिळाला.”

“आद्याक्षरं नाहीत इथं. मी हा कागद परत करायला पाहिजे. नियम तसा आहे.”

अण्णांनी स्वतःसुद्धा असा कागद घेतला नसता. मी पिशवी उघडून फॉर्म टेबलावर ठेवले. सुपरिंटेंडेंटनी ते चाळले, एकेक करून. सगळे टाइप केलेले होते, आमचे आम्हीच. मग त्यांनी चष्मा काढला.

“तुमच्या इन्स्टिट्यूटमध्ये रबर नसतं म्हणतात. खरं?”

“नसतं.”

“मला माहीत आहे. इतकी वर्षं हॉलमध्ये फिरतो मी. चूक झाली की दुसऱ्या इन्स्टिट्यूटच्या मुली रबर मागतात. तुमच्या मुली रडतात.” ते मान हलवत कारकुनाकडे वळले. “हे ह्यांनी खोडलं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. ह्यांना खोडता येतच नाही. कोर्टाकडून खात्री मागवा, उद्याच्या टपालाने. तोवर फॉर्म घ्या. आजची तारीख टाका.”

कारकुनाने शिक्का उचलला. एकामागून एक फॉर्मवर तो पडत गेला आणि मी माझा येईपर्यंत बघत राहिले.

बाहेर आल्यावर मला वाटलं होतं की अण्णा खूश होतील. उभ्या आयुष्यात लोक ज्या नियमाला हसले, त्याच नियमाने त्यांना तारलं होतं. मी तसं म्हटलंसुद्धा. ते फुटपाथवर थांबले.

“तसं नाही. त्या नकला करणाऱ्याचा विचार करायलोय मी. शेवटच्या ओळींत चुकला. मी सांगतो तसं त्यानं केलं असतं, कागद फाडून पहिल्यापासून घेतला असता, तर नक्कल आज मिळाली असती काय?”

“नसती मिळाली.”

“नसतीच की.” ते चालायला लागले. “दमलेला असणार बिचारा. ढीग बघितलास ना पुढ्यातला?”

कोर्टाची खात्री आली, मान्यता परत मिळाली, आम्ही परीक्षेला बसलो. माझी कचेरीतली जागा मला मिळाली आणि निपाणीला मी सणापुरतीच जाऊ लागले. बँकेने दाव्याचे पैसे दिले. अण्णांनी खातं तिथेच ठेवलं. अक्का म्हणाल्या, दुसरी बँक बघा, तर म्हणाले, “आता ह्यांच्या चुका मला ठाऊक झाल्यात. नव्या बँकेच्या पुन्हा शोधायच्या म्हणजे वेळ जातो.” मॅनेजर त्यांना बघून उठून उभे राहत. ज्या आकारापायी सगळं झालं तो परत मिळाला त्या दिवशी अण्णांनी मला बरोबर नेऊन दोघांची कॉफी घेतली आणि वरचे पैसे पदरचे घातले.

नोकरी लागल्यावरही मी कधी कधी शनिवारी दुपारी इन्स्टिट्यूटमध्ये जायची. भिंतीवर तीच पाटी होती. तार होती, तारेला फाटके कागद होते. पण एक नवी गोष्ट माझ्या ध्यानात आली. पानाच्या अगदी शेवटी, खालच्या ओळींत एखाद्या मुलीचं यंत्र मधेच थांबलं की अण्णा तिच्याकडे जात नसत. ते खिडकीपाशी जात आणि पाठ करून उभे राहत. समोर रस्त्यापलीकडे एक चिंचेचं झाड होतं, त्याच्याकडे फार लक्ष देऊन बघत. मागे खसखस असा बारीक आवाज येई. तो आवाज कशाचा ते त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं; डब्याच्या पिशवीत रबर आणायला मुली कधीच शिकल्या होत्या. आवाज थांबे, फुंकर ऐकू येई, यंत्र पुन्हा चालू होई.

मग ते वळत, चष्मा नीट करत आणि म्हणत, “हं. न्यू पॅरा.”